वाचकांचे प्रश्न : विंडोज ११ आले आणि वाय-फाय गेले

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी गेल्या रविवारी लॅपटॉपवर विंडोज ११ घेतले. तेव्हापासून वाय-फायचे बटणच दिसेनासे झाले आहे. घरातले मोबाइल त्याच राउटरवर उत्तम चालतात. दुरुस्तीवाले म्हणतात, वाय-फाय कार्ड गेले, बदलावे लागेल. इकडे मुलीचे ऑनलाइन वर्ग बुडत आहेत. कार्ड बदलू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : एवढ्यात बदलू नका. आदल्या दिवसापर्यंत चालणारे कार्ड नेमके अपग्रेडच्या दिवशीच निकामी व्हावे, असे क्वचितच घडते. कार्ड आणि विंडोज यांच्यात दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळलेला नसावा, ही शक्यता कितीतरी अधिक आहे.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि त्यातील नेटवर्क अडॅप्टर्स ही ओळ उलगडून पाहा. वाय-फाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचाच आहे. त्या नावावर डबल क्लिक करून ड्रायव्हर या टॅबमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून पाहा. ते बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे, आणि ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा, म्हणजे विंडोज कार्ड नव्याने ओळखण्याचा प्रयत्न करते.

एवढ्याने भागले नाही, तर लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पाहून त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चा वाय-फाय ड्रायव्हर उतरवून घ्यावा. इंटरनेटच नाही तर तो उतरवायचा कसा, ही अडचण खरी असली तरी तिच्यावर उपाय घरातच आहे : अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा, की लॅपटॉपला मोबाइलचे इंटरनेट मिळू लागते. मुलीचे आजचे वर्गही याच मार्गाने होऊ शकतील. सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरे मात्र कृपा करून घेऊ नका; त्यांतली बरीचशी पैसे मागतात आणि काही तर भलताच ड्रायव्हर बसवून ठेवतात.

यादीत कार्डाचे नावच नसेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन करा आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करा. तरीही नाव आले नाही आणि बायोसमध्येही (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेतही) वायरलेस सुरू असूनच कार्ड सापडत नसेल, तर दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे विचारात घ्यावे.

तारखेकडे मात्र लक्ष असू द्या. अपग्रेडनंतर साधारणपणे १० दिवसच सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी येथून ‘गो बॅक’ करून विंडोज १० वर परतता येते आणि तुमचे सात दिवस उलटून गेले असणार. परतल्यावर तुमच्या फाइली राहतात, पण मधल्या काळात बसवलेले प्रोग्रॅम जातात, शिवाय विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट आता मिळत नाहीत. त्यामुळे हा मार्ग शेवटचा समजावा. तोवर ‘डिस्क क्लीनअप’मधून जुन्या विंडोजच्या फाइली पुसू नका, कारण त्या गेल्या की परतीचा रस्ताही जातो.

प्रश्न : विंडोज ११ घेतल्यापासून माझ्या लॅपटॉपवर वाय-फाय जोडले जाते, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असे दिसते. ऑफिसच्या कामासाठी जुना व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडून देणारे सॉफ्टवेअर) बसवलेला आहे.
– एक वाचक, पणजी

उत्तर : पहिला संशय त्या व्हीपीएनवरच घ्यावा. अशी सॉफ्टवेअरे नेटवर्कच्या वाटेत स्वतःची एक गाळणी बसवतात, आणि ती नव्या विंडोजशी जुळली नाही तर जोडणी होऊनही माहिती पुढे सरकत नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हाही जुन्या व्हीपीएनमुळे हाच त्रास अनेकांना झाला होता. आधी तो व्हीपीएन अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. तेवढ्याने सुटले नाही, तरच ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क रीसेट’ करा. त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते अगोदर कागदावर उतरवून ठेवावेत. इंटरनेट सुरळीत झाल्यावर ऑफिसकडून व्हीपीएनची विंडोज ११ साठीची आवृत्ती मागून घ्या, जुनी पुन्हा बसवू नका.