आठ रात्री, तीन घरं

चि. …

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी, दोघंच, आणि त्यात नातेवाइकांची अकरा घरं, तीन किल्ले, गणपतीपुळे, शिवाय जमलं तर गोवा. "बाई, यातलं काय गाळू?" असं विचारलं आहेस. गोवा गाळ. त्याबद्दल याहून जास्त लिहायला नको. घरांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण लग्नानंतरची ही तुमची पहिली मोठी सुट्टी आहे आणि ती कशी गेली हे समुद्रकिनाऱ्यापेक्षा या घरांमध्ये ठरणार आहे.

तुझी बायको अमरावतीची. कोकण तिनं पाहिलेलं नाही. काकांच्या घरी पाऊल ठेवलंस की तुला लहानपणीची खळं, विहीर आणि फणसाचा वास आठवेल. तिच्यासाठी ते सासर आहे. ती किती वाजता उठते, ताटात काय ठेवते, कोणाशी कशी बोलते, याकडे सगळ्यांचं लक्ष असेल. त्यात कोणाच्या मनात वाईट नसतं, पण दडपण यायचं ते येतंच. तू पाय धुऊन पडवीत गप्पांना बसशील, तिला कोणीतरी हाताला धरून माजघरात नेईल, आणि रात्रीपर्यंत तुमची धड गाठ पडणार नाही. असं मी अनेक घरांमध्ये पाहिलं आहे. सुट्टीला दोघं निघतात आणि पोचल्यावर सुट्टी एकट्याचीच होते. हे होऊ द्यायचं नाही. आणि ते थांबवायचं काम तिचं नाही, तुझं आहे.

म्हणून अकरा घरांची तीन कर. रत्नागिरीत आत्या, आडिवऱ्याजवळ काका, आणि कुडाळला तिची मावशी. प्रत्येक घरी दोन रात्री. मधल्या दोन रात्री मालवणात, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या खोलीत, जिथे तुम्हांला कोणी ओळखत नाही. उरलेल्या आठ घरांची माणसं रागावतील अशी तुला भीती आहे. त्यातले रत्नागिरीतले सगळे आत्याच्या घरी एका संध्याकाळी चहाला बोलाव. आत्याला आधी विचार, खाण्याचं तू बाहेरून आण आणि कप दोघं मिळून विसळा. बाकीच्यांना निघण्यापूर्वीच फोन करून सांग की या वेळी जमणार नाही. पोचल्यावर फेसबुकवरचे फोटो बघून कळलं तर माणसं दुखावतात. आधी सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात. अर्ध्या तासासाठी दारात गाडी उभी करून "आलोच होतो म्हणून डोकावलो" असं म्हणणाऱ्या पाहुण्याला काय वाढावं हे घरातल्या बाईला कळत नाही, आणि तो गेल्यावर भेट झाल्याचं समाधानही राहत नाही.

आता प्रवास. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तुझ्या तारखांसाठी मार्चमध्येच सकाळी 8 वाजता बसावं लागेल. मेमधल्या कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात. जाताना दिवसाची गाडी घे, मांडवी घे. रात्रीच्या गाडीने दिवस वाचतो हे खरं, पण तिनं उक्शीनंतरचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि त्याच्या दोन्ही तोंडांचा डोंगर जागेपणी पाहायला हवा. ही सगळी वाट 1998 च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. त्याआधी तुझे आजोबा एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करत गावी जात. ते तिला गाडीतच सांग. घरच्यांच्या गोष्टी आधी तुझ्या तोंडून कळल्या की पडवीत कोण कोणाबद्दल बोलतंय हे तिला उमगेल, आणि नुसतं हसून मान डोलवावी लागणार नाही.

आत्याकडे सगळं सोपं जाईल. शहरातलं घर, तीही नोकरी केलेली बाई. रत्नागिरीत टिळकांचं जन्मघर पाहा, भगवती किल्ल्यावर संध्याकाळी जा, पण थिबा राजवाड्याला सकाळ मोकळी ठेव. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. राजवाडा 1910 च्या सुमाराचा, म्हणजे निर्वासनातलं बरंचसं आयुष्य सरल्यावर मिळालेला. राणी सुपयालतही त्याच्याबरोबर इथेच होती. दोघांनी शांतपणे पाहावी अशी ती वास्तू आहे. पाच जणांना गाडीत कोंबून, फोटोपुरतं उतरून पाहू नका. आत्याचा मुलगा गाडीने न्यायचा आग्रह करील. त्याला संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन चला म्हणावं, सकाळ तुमची ठेवा. आणि गणपतीपुळ्याला गेलात तर दर्शन घ्या, किनाऱ्यावर बसा, पण पाण्यात उतरू नका. तिथला समुद्र दगा देतो. दर वर्षी सांगूनही बाहेरगावची माणसं उतरतात आणि बुडतात.

खरं जपायचं ते काकांकडे. तिथे जाण्याच्या आठवडाभर आधी काकूला फोन कर. तू कर, आईला करायला लावू नकोस. तीन-चार गोष्टी मोकळेपणाने सांग. ती घरात ड्रेस घालते, महाकालीच्या देवळात जाताना साडी नेसेल. तिला मासे आवडतात पण काटे काढायची सवय नाही, तेव्हा पहिल्या दिवशी सुरमई असली तर बरं. वाटण-नारळाच्या आमटीबरोबर तिला थोडा तिखट ठेचा लागतो, आणि तो ती स्वतः करील. आधी सांगितलेल्या गोष्टीला आवड म्हणतात. तीच ऐन ताटावर कळली तर तिला नखरा म्हणतात. मालवणी-संगमेश्वरी घरात वऱ्हाडी बोलणं ऐकून मुलं हसतील, मोठेही हसतील. तेव्हा तू हसण्यात सामील होऊ नकोस, एवढं माझं ऐक. बाकीचे हसले ते ती विसरून जाईल.

मे महिन्यात आपल्या गावांमध्ये पाणी नसतं हेही तिला आधी सांग. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात विहिरी तळाला जातात हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, पाणी ठरत नाही, पावसाचं सगळं वाहून समुद्राला मिळतं, आणि एप्रिल सरता सरता वाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. घामाने जीव नको होतो, दिवसातून दोनदा अंघोळ करावीशी वाटते. तुम्ही एकदाच करा, एका बादलीत करा. काकू "घ्या हो पाणी" म्हणेल. तरी एकच बादली. आणि सकाळी तू विहिरीवरून दोन कळश्या आण. तू पाणी भरताना दिसलास की ती स्वयंपाकघरात भाजी चिरायला बसली त्याचा अर्थ बदलतो. मग दोघंही घरचीच माणसं होता.

तिच्या हाताने काय न्यावं, असंही विचारलं आहेस. मिठाईचे पुडे नको, उकाड्यात खराब होतात. तिच्या माहेरची तुरीची डाळ न्या, पाच किलो. वऱ्हाडातली शेतातली डाळ कोकणातल्या घरात किती मोलाची, हे काकूला भांड्यात शिजल्यावर कळेल. जोडीला खारोड्या. सून म्हणून ती तिथे पहिल्यांदा जाते आहे, तर काहीतरी देणारी म्हणून जाऊ दे. तिच्या घरी काय पिकतं, तिच्या आईच्या हाताला कशी चव आहे, यावर बोलणं सुरू होईल. नाहीतर पहिला प्रश्न "गोड बातमी कधी?" हाच येतो. तो येईलच म्हणा, कोणत्या तरी काकी-मामीकडून. उत्तर तू दे, लगेच, हसतमुखाने आणि एका वाक्यात: "आमचं आम्ही ठरवू, सांगू तेव्हा पेढे आणू." तिला त्या वेळी जमिनीकडे बघत बसायला लावू नकोस.

आंब्याचं बोलायला मी विसरले असं समजू नकोस, कारण तुमच्या घरात हे दर वर्षी होतं. परतताना डिकीत चार पेट्या ठेवल्या जातात आणि काका "घरचेच आहेत" म्हणतात. घरचे आहेतच, पण त्या कलमांवर फवारणी, राखण, उतरणीची मजुरी, पेटी, गवत, सगळा खर्च काकांचा झालेला असतो, आणि मेच्या मध्यावर भाव उतरून उरलेला माल किलोवर कॅनिंगला जातो. एक पेटी प्रेमाने घ्या. बाकीच्या हव्या असतील तर बाजारभावाने पैसे द्या. काका घेणार नाहीत, म्हणून चुलतभावाच्या खात्यावर निघायच्या आधीच टाक. त्याहून चांगलं म्हणजे डोंबिवलीत तुझ्या सोसायटीत दहा-पंधरा पेट्यांची मागणी आधी गोळा कर आणि ती त्याच्या हातात दे. आणि या खेपेला सातबाऱ्याचा विषय काढू नकोस. कोणी काढला तर दिवाळीत बोलू म्हण. वाटण्यांचं बोलणं नव्या सुनेसमोर झालं की ते तिनंच काढायला लावलं असं गाव समजतं.

काकांबरोबर एक पहाट मात्र नक्की काढा. कशेळीचं कातळशिल्प त्यांनाच दाखवू दे. सड्यावर कोरलेला तो प्रचंड हत्ती, आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी, मासे, पक्षी. कोकणातली ही शिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. गावातली मंडळी त्यांच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गुरं नेत होती. उन्हं वर आली की कातळ तापतो आणि रेषा सपाट दिसतात. कोवळ्या तिरक्या उन्हात खोदकामाच्या कडांना सावली धरते आणि आकार आपोआप उमटतात. चपला बाहेर काढा, रेषांवर पाय देऊ नका. येताना कनकादित्याचं देऊळ करा. काका घरात फारसे बोलत नाहीत, पण त्या सड्यावर बोलतील, आणि ते तिच्याशी बोलतील, कारण तुला सगळं ठाऊक आहे असं ते धरून चालतात. माझा अनुभव असा की कोकणातल्या अबोल माणसाशी नातं जुळवायचं तर त्याला काहीतरी दाखवायला सांगावं.

तिथून मालवणला जाताना गाडी भाड्याने करा. जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आहे. एसटीत तिला अर्धं तिकीट पडतं आणि एरवी मी एसटीच सांगितली असती, पण इथे गाड्या बदलण्यात दिवस जाईल. विजयदुर्गावर थांबा, ऊन चढायच्या आत.

मालवणातल्या दोन रात्री मी मुद्दाम घातल्या आहेत. काका विचारतील, "कुडाळला मावशी असताना मालवणात खोली कशाला?" सांग, आम्हांला हवी म्हणून. यापेक्षा जास्त कारण द्यायची गरज नाही. चार रात्री दुसऱ्यांच्या घरी, पातळ भिंतींच्या खोलीत, हळू आवाजात बोलून काढल्यावर माणसाला आपल्या जोडीदाराशी मोठ्याने बोलावंसं वाटतं, भांडावंसंही वाटतं. उशिरा उठा. दुपारी झोपा. सिंधुदुर्गाला सकाळच्या होडीने जा. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या विहिरी. काकांकडचं पाणी पाहून आल्यावर तिला त्या विहिरींची किंमत वेगळी कळेल. शिवराजेश्वराच्या देवळात थोडं थांबा. आणि रजा पुढे ढकलू नकोस. मे सरत आला की समुद्र खवळतो, होड्या बंद होतात.

कुडाळला तू मागे राहा. मावशीच्या घरी ती भाची आहे. तिथे ती वऱ्हाडीत बोलेल, पाय पसरून बसेल, लहानपणीची माणसं आठवून रडेलही. ते होऊ दे. "चला, आज धामापूरचा तलाव करू" असा घोशा लावू नकोस. काकांच्या घरी तिनं तुझ्या आठवणी ऐकल्या, इथे तू तिच्या ऐक. जावयाचा मान म्हणून तुला पाटावर बसवतील आणि आग्रह करकरून वाढतील. पहिल्या जेवणाला मान घे, दुसऱ्या जेवणाला मावशीला बसव आणि तू वाढ. एक दुपार दोघी मायलेकींसारख्या बोलत बसल्या की तू मावशीच्या यजमानांना घेऊन पिंगुळीला जा. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच त्यांचं संग्रहालय उभं केलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिला आवडेल असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पुन्हा जा. सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्यायची तर चितारआळीत घ्या, आणि मावशीच्या नातवाला पहिलं खेळणं तिच्या हातून द्या.

आता एवढंच कर. हे पत्र तिला वाचायला दे. यातलं तिला काय पटत नाही ते विचार, तिला कुठलं घर वाढवायचं किंवा गाळायचं असेल तर तसं करा, आणि मगच आरक्षणाला बस. परतीची कोकणकन्या कुडाळहूनच मिळेल, खालचे दोन बर्थ बघ.

तुझ्या
बाई