मुलं तीन वर्षांसाठी आपली असतात

अनेक आशीर्वाद.

कॉलेजात धावण्याची प्रशिक्षक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. तासिका तत्त्वावर का होईना, जिमखान्याची किल्ली तुझ्या हाती आली याचा मला फार आनंद आहे. लांब पल्ल्याच्या धावकांचा संघ उभा करायचा तर सुरुवात कशी करू, असं तू विचारलंस. फोनवर हे सांगून होण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वेळेचा हिशेब डोक्यात पक्का कर. मूल बारावी होऊन आपल्याकडे येतं आणि तीन वर्षांनी, आता काही ठिकाणी चार वर्षांनी, जातं. दरवर्षी प्रवेश उरकेपर्यंत निम्मा पावसाळा सरतो. मग आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री, म्हणजे माती-गवतावरून, चढ-उतारांवरून पळायची लांब शर्यत, तोंडावर येते, तिथून निवड झाली तर आंतरविद्यापीठ, आणि पाठोपाठ परीक्षा. नव्या मुलाला पहिल्या शर्यतीआधी जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. प्राचार्यांना त्याच वर्षी पदक हवं असतं, मुलाला प्रमाणपत्र हवं असतं आणि तुलाही आपलं काम दाखवायचं असतं. या तिघांच्या घाईत मुलांच्या नडग्या जातात. माझं सांगणं एकच आहे, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं: मूल तुझ्याकडून जाईल तेव्हा त्याला अजून वाढायला जागा उरलेली असली पाहिजे. त्याची सगळी ताकद तुझ्याच मैदानावर खर्ची पडू देऊ नकोस.

याला कारण शरीराचं आहे. दम लवकर वाढतो. चार-सहा आठवडे नेमानं पळालं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, मुलाला हलकं वाटतं आणि तो वेग वाढवतो. हाड मात्र आपल्या चालीनं चालतं. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. हे भरून यायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे सरावाला जोर चढतो नेमक्या त्याच दिवसांत नडगीचं हाड सर्वांत कच्चं असतं. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला सप्टेंबरात नडगी का दुखते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच असतं.

मूल लंगडत आलं की त्याला खाली बसव आणि म्हण, कुठं दुखतं ते दाखव. त्यानं नडगीवरून वरखाली तळवा फिरवला तर बहुधा स्नायू आणि हाडावरचं आवरण दुखावलंय. पळणं कमी कर, बर्फ लाव, मातीवर ने. पण त्यानं एका बोटानं एकच जागा दाखवली, तिथं दाबल्यावर कळवळला, त्या पायावर एकदा उडी मारायला सांगितल्यावर तोंड वाकडं केलं किंवा रात्री झोपेतही ठणकतं म्हणाला, तर त्याच दिवशी पळणं बंद. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून फसू नकोस. हाडाची बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचार. तोवर मूल पोहू दे, सायकल चालवू दे.

घाई का नको हे मुलांना पटवायचं तर अविनाश साबळेचं उदाहरण दे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या उन्हात नोकरी केली. क्रॉस कंट्री तो सैन्यात गेल्यावर पळू लागला आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या तीन हजार मीटरच्या शर्यतीकडे, त्यानंतर वळला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद. आपली मुलं पदवी घेऊन घरी जातात त्या वयात त्याची खरी सुरुवात होत होती. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली ललिता बाबरही मुंबई मॅरेथॉन गाजवून मग स्टीपलचेसला आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. विशीतल्या मुलाला ‘आता नाही तर कधीच नाही’ असं सांगणारा प्रशिक्षक त्याचं नुकसान करतो.

आता रोजच्या पळण्याविषयी. आपली मुलं रोज सकाळी एकमेकांशी शर्यत लावतात. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची मुलं तर चढ-उतार तुडवतच वाढलेली, त्यांना हळू पळ म्हटलं की अपमान वाटतो. तिथं तू ठाम राहा. आठवड्यात एक दिवस चढाचा, एक दिवस सलग दमाचा, रविवारी लांब पल्ला, बाकीचे दिवस बोलत बोलत पळायचं. मी मुलांच्या बाजूनं सायकलवर जायचो आणि प्रश्न विचारायचो. रात्री मेसमध्ये काय होतं? गावाकडं पाऊस झाला का? उत्तर एका दमात पूर्ण वाक्यात आलं तर वेग बरोबर, तुटक आलं तर मी त्याला मागं खेचायचो. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनी साठ वर्षांपूर्वी हेच केलं. त्यांनी आठशे मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवलं, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं सुवर्ण जिंकलं. शंभर मैलांचा आकडा आपल्या मुलांना लावायचा नाही. वेगाच्या आधी दमाचा पाया घालायचा, एवढाच त्यातला भाग आपल्या कामाचा.

तुझ्याकडं येणाऱ्या दहातली सात-आठ मुलं भरतीसाठी पळत असतील. त्यांना कमी लेखू नकोस. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आहे तिथं पोलीस भरतीचं ग्राउंड ऑलिंपिकपेक्षा मोठं असतं, आणि ते तसं असणं रास्त आहे. पण भरतीची मुलं रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात आणि रोज टायमिंग काढतात, तिथं त्यांना समजाव. पाच-साडेपाच मिनिटांच्या धावेत लागणारी सुमारे चार पंचमांश शक्ती प्राणवायूच्या जोरावर येते. म्हणजे त्यांचंही टायमिंग आधी सावकाश, लांब पळूनच सुधारणार आहे. हे एकदा गळी उतरलं की भरतीवाला आणि क्रॉस कंट्रीवाला एकाच संघात पळतील, आणि तुला माणसं मिळतील. माझ्याकडचे चांगले धावक पुष्कळदा भरतीच्या रांगेतूनच सापडले.

मुलींबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण आपल्याकडं याविषयी कुणी बोलत नाही. पाळी बंद झाली की मुली खूश होतात, आईला सांगत नाहीत, आणि काही प्रशिक्षक तर ‘सराव चांगला चाललाय’ असं समजतात. पाळी थांबणं म्हणजे शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची सूचना असते. पळण्यात जेवढं जातं तेवढं ताटातून येत नसलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. तू स्वतः पळलेली आहेस, मुली तुझ्याशी बोलतील. तुझ्याकडं प्रत्येकीची पाळीची तारीख तिनं स्वतः लिहिलेली असू दे, ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देऊ नकोस. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर, आणि पळणं निम्म्यावर. वजनकाटा मैदानावर आणू नकोस, कुणाच्याही अंगावरून चारचौघांत बोलू नकोस आणि इतरांनाही बोलू देऊ नकोस.

वसतिगृहाच्या मेसचं वेळापत्रक तूच जाऊन बघ. मुली साडेपाचला मैदानावर येतात, सातला परत जातात, नाश्ता आठनंतर, तोही दोन मुठी पोहे, आणि नऊला तास. बारा किलोमीटर पळलेल्या पोरीच्या पोटात दुपारपर्यंत एवढंच. मेसवाल्या मावशींशी गोडीनं बोल. पळणाऱ्या मुलींसाठी रात्रीच्या दोन भाकऱ्या आणि उसळ झाकून ठेवायला लाव, शेंगदाण्याचे गुळातले लाडू डब्यात भरून मैदानावरच दे. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा म्हणावं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून घे. १२ च्या खाली असेल तर ती मुलगी आळशी नाही, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून न्यायला गाडीच कमी आहे. अशा कितीतरी मुलींना ‘मन लावून पळत नाही’ म्हणून घरी पाठवलेलं मी पाहिलंय आणि मला त्याचा आजही संताप येतो.

सराव अंधारात असतो, म्हणून मुली एकट्या रस्त्यावर नकोत. गटानं, उजेडाच्या वाटेनं. मालिश, इजा तपासणं, खासगी बोलणं, काहीही असो, दार उघडं आणि तिसरं माणूस जवळ. हा नियम तू स्वतः पाळ आणि तुझ्या मदतनिसांनाही लाव.

आणखी एक, थोडक्यात. भरतीच्या मैदानांवर इंजेक्शनांची नावं मुलांच्या तोंडी सहज असतात. तुझ्या मैदानावर त्याला थारा नको. सर्दीची गोळी, ताकदीची पावडर, काहीही घेण्याआधी तुला विचारायचं, हे पहिल्याच दिवशी सांग. नाडाच्या, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमात शरीरात काय सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं, हे नंतर.

संघाकडं वळतो. क्रॉस कंट्रीत पहिला आलेला एकटा संघ जिंकून देत नाही. येणाऱ्यांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती टीम पहिली. जागतिक क्रॉस कंट्रीत सहा पळतात आणि चौघांचे क्रमांक धरतात. अमेरिकेच्या कॉलेजांत सात पळतात, पाच धरतात. म्हणून तुझा चौथा मुलगा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तीन जणांना मागं टाकतो तेव्हा तो संघाला तेवढंच देतो जेवढं पहिल्यानं तिघांना मागं टाकून दिलं असतं. हे त्याला शर्यतीआधी कागदावर मांडून दाखव. जो विहिल नावाचे प्रशिक्षक अमेरिकेत कोलोराडोतल्या अलामोसा नावाच्या लहानशा गावातल्या अ‍ॅडम्स स्टेट कॉलेजात वर्षानुवर्षं राहिले. १९९२ साली त्यांच्या मुलांनी राष्ट्रीय स्पर्धेत पहिले पाचही क्रमांक घेतले, बेरीज १५, त्याहून कमी होऊच शकत नाही. उंचावरचं गाव, साधं कॉलेज, आणि तोच माणूस तिथंच टिकून. पुढं त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डीना कॅस्टरनं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं कांस्य घेतलं.

तू राष्ट्रीय पातळीवर पळली नाहीस याची खंत करत होतीस. ती सोड. आयर्लंडचे ब्रदर कोल्म ओकॉनेल १९७६ साली केनियातल्या इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकवायला गेले. त्यांना धावण्याचा काहीच अनुभव नव्हता. मुलांकडं बघत बघत शिकले, आणि लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १:४०.९१ मध्ये पळणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्या हाताखाली तयार झाला. तूही बघायला शीक. सराव संपताना मुलाचे खांदे वर चढलेत का, टाच आधी आपटतेय का, चेहरा कसा आहे, हे लिहून ठेव.

पण स्वतःच्या पोटाचाही विचार कर. तासिकेच्या पैशांवर संसार होत नाही, आणि कॉलेजात कायमचं पद क्रीडा संचालकाचं असतं, प्रशिक्षकाचं नसतं. त्याला एम.पी.एड.सोबत नेट किंवा सेट लागते. पहिल्या दोन वर्षांत तेवढं उरकून घे. पुढं जमलं तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकाचा डिप्लोमा कर. संचालक झालीस की बुद्धिबळापासून कबड्डीपर्यंत सगळे खेळ तुझ्या माथी येतील, पात्रता अर्ज आणि प्रवासखर्चाची बिलं तूच करशील. ती कामं कारकुनावर टाकू नकोस. वयाच्या दाखल्यातली एक चूक पोराचं अख्खं वर्ष घालवते.

आणि मूल वर जायला निघालं की सोडायला शीक. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं. त्यामागं नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली काढलेली वर्षं होती. सैन्य, रेल्वे, साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण), जिथं मूल जाईल तिथल्या प्रशिक्षकाला तू तीन वर्षांची वही दे. कुठल्या महिन्यात किती पळाली, कुठं दुखलं, किती दिवस थांबली, काय झेपलं आणि काय नाही. आपल्याकडं अशी वही कुणी देत नाही, म्हणून नवा प्रशिक्षक पुन्हा शून्यापासून सुरू करतो आणि जुनी दुखापत पुन्हा उपटते. वही दिलीस की तुझी मुलगी त्याच्याकडं परकी राहणार नाही.

पहिल्या महिन्याचा सरावाचा तक्ता मला पाठव. खाडाखोड करून परत पाठवीन.

तुझे
सर

ता. क. मैदानाची फेरी मोबाइलवर मोजू नकोस, झाडाखाली आणि वळणावर तो फार चुकतो. पन्नास मीटरचा टेप घे, दोन मुलं बरोबर घे आणि चुन्यानं दर शंभर मीटरवर खूण कर. पाऊस झाला की पुन्हा कर.