टाटा ४०७ फोर बाय फोरवर लडाखसाठी कॅम्पर बांधताना डबा थेट चासीला बोल्ट करावा का?

तुमचा फॅब्रिकेटर म्हणतो तसे आठ यू-बोल्ट टाकून राहण्याचा डबा चासीवर, म्हणजे ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, आवळला, तर पुणे-महाबळेश्वर करताना काही बिघडणार नाही. पण तुम्हाला जुन्या ४०७ फोर बाय फोरवर दोन माणसांचा कॅम्पर बांधून स्पिती-लडाखच्या नदीपात्रांतून आणि कच्च्या वाटांवरून न्यायचा आहे. तिथे पहिला तडा याच जोडावर जाईल. म्हणून उत्तराचा मोठा भाग जोडावरच खर्च करतो. इन्सुलेशन, हीटर, वीज हेही तुम्ही विचारलंय, ते पुढे येईल.

त्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. कॅम्परसाठी ‘मोटार कॅराव्हॅन’ असा वेगळा प्रकार आहे, त्याचं मानक एआयएस-१२४, आणि त्याची तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीच्या मागे पलंग टाकून माणसं बसवली तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. हौद्याला कटर लावण्याआधी आरटीओत आणि मान्यताप्राप्त बॉडी बिल्डरकडे चौकशी करा.

आता वजन. हौदा उतरवलेली गाडी, टाकी भरून आणि ड्रायव्हर बसवून, वजनकाट्यावर न्या. एकूण वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. समजा आरसी बुकवर एकूण मर्यादा ५,७०० किलो आहे आणि मोकळी गाडी २,६०० भरली. कच्च्या वाटेसाठी मर्यादेच्या ८५ टक्क्यांवर थांबावं, म्हणजे ४,८५० च्या आसपास. तुमच्या हातात २,२५० किलो राहिले. त्यात सबफ्रेम (चासी आणि डबा यांच्यामधली चौकट) १५०, दारं-खिडक्यांसह डबा ५५०, फर्निचर २००, पाणी १५०, बॅटरी-पॅनेल-वायरिंग ११०, हीटर-फ्रिज-शेगडी-टॉयलेट १००, जादा डिझेल ७०, स्टेपनी-जॅक-हत्यारं-टो पट्टा २२०, दोन माणसं कपडे आणि शिध्यासकट ३००. बेरीज १,८५०. उरलेले ४०० किलो भरपूर वाटतात, पण बांधता बांधता ते कुठे जातात कळत नाही.

बहुतेक वेळा ते सुताराकडे जातात. आपल्याकडचा सुतार सवयीने १९ मि.मी. प्लाय घेतो आणि दोन्ही बाजूंनी सनमायका लावतो. असा आठ बाय चारचा एक पत्रा ४५ किलोच्या घरात जातो. तोच ९ मि.मी.चा, नुसतं पॉलिश केलेला, १७-१८ किलोत बसतो. सहा-सात पत्र्यांचं फर्निचर धरा आणि फरक काढा. मी तर सुताराला १२ मि.मी.च्या वर काही आणूच देऊ नका म्हणेन. मजबुती कडेच्या पट्ट्यांनी आणि डब्याच्या भिंतीला चिकटवण्याने येते.

वजन कुठे ठेवता यालाही तितकंच महत्त्व आहे. मागच्या दारावर स्टेपनी, कॅरिअर आणि जेरीकॅन मिळून १०० किलो टांगले, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, ३.४ मीटर असेल आणि ते वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलवर १३५ किलो वाढतात आणि पुढून ३५ उचलले जातात. चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. पाण्याची टाकी दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि खाली ठेवा, बॅटऱ्याही तिथेच.

आता मूळ प्रश्न. ट्रकची चासी म्हणजे दोन सी-चॅनेलचे लाँग मेंबर आणि मधले क्रॉस मेंबर. ही शिडी मुद्दाम पीळ खाईल अशी बनवलेली असते, कारण पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी वर गेलं तर तेवढी हालचाल नुसत्या कमानपाट्यांना झेपत नाही. तुमचा डबा मात्र सहा बाजूंनी बंद पेटी आहे, ती पीळ खात नाही. दोन्ही घट्ट जोडल्या की पीळ कुठूनतरी वाट काढतो. आधी दाराच्या वरच्या कोपऱ्यात केसासारखी चीर दिसते, मग खिडकीच्या कोपऱ्यात, मग बोल्ट तुटतात. वाईटात वाईट म्हणजे यू-बोल्टच्या दाबाखाली चासीलाच तडा जातो.

किती पीळ येतो ते डबा बांधायच्या आधी मोजा. लाँग मेंबरवर कॅबच्या मागे एक सरळ चौकोनी पाइप आडवा ठेवा, दुसरा मागच्या टोकाला. दोन्हींवर डिजिटल अँगल गेज ठेवा. मग पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या समोरचं मागचं चाक २५० मि.मी. उंचीच्या ठोकळ्यांवर चढवा. दोन गेजमधला फरक म्हणजे तुमचा पीळ. समजा २.५ अंश आला आणि लाँग मेंबरमधलं अंतर ८०० मि.मी. आहे, तर पुढच्या टोकाला एका बाजूला ३५ मि.मी. फट पडणार. ही फट पडू देणं हेच माउंटिंगचं काम.

तुमच्या चासीला मी स्प्रिंग माउंट सुचवेन. चासीच्या लाँग मेंबरवर तंतोतंत बसणारे सबफ्रेमचे दोन लाँग मेंबर करा, ८० बाय ४० बाय ४ मि.मी.च्या आयताकृती पाइपचे. पाइपची ८० मि.मी.ची बाजू उभी ठेवा. मध्ये ६ ते ८ मि.मी. जाड एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) पट्टी टाका. लोखंडावर लोखंड ठेवलं तर घासून गंज धरतो आणि रात्रंदिवस कुरकुरतं. मागच्या बाजूला, मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास, दोन्हीकडे दोन-दोन जाड प्लेटा टाकून सबफ्रेम पक्की करा. डबा इथून हलणार नाही आणि ब्रेक मारल्यावर पुढे सरकणार नाही. पुढे मात्र प्रत्येक बाजूला दोन स्प्रिंग बोल्ट. चासीचा ब्रॅकेट खाली, सबफ्रेमचा वर, दोन्हींतून एम १६ चा लांब बोल्ट आणि त्याच्यावर दाबाची स्प्रिंग. एका बाजूचा लाँग मेंबर खाली गेला की सबफ्रेम उचलली जाते, स्प्रिंग दबते, आणि गाडी सपाटीला आली की डबा परत जागेवर बसतो.

स्प्रिंग निवडताना हिशोब असा: बसवतानाच १५ मि.मी. दाबून ठेवायची, म्हणजे खडखड होत नाही. त्यावर मोजलेले ३५, आणि १० सुटीचे. एकूण ६० मि.मी. दबली तरी वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. ती टेकली की बोल्ट सरळ ताणला जातो आणि आपण पुन्हा घट्ट जोडावर येतो. नट आवळताना टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, बघू नका, स्प्रिंगची लांबी पट्टीने मोजा, चारही सारख्या करा, वर दुसरा नट किंवा न सुटणारा नायलॉक नट लावा. डबा आडवा सरकू नये म्हणून पुढे दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या मार्गदर्शक प्लेटा लागतात. आतून त्यांनाही एचडीपीई लावा. यांना विसरलात तर सगळा आडवा धक्का स्प्रिंगच्या बोल्टवर येतो.

ब्रॅकेट चासीला लावताना लाँग मेंबरच्या फक्त उभ्या बाजूला भोकं पाडा, शक्यतो कंपनीचीच वापरा. वरच्या-खालच्या पट्टीला भोक नको, कारण वाकण्याचा सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. गॅस कटरने भोक पाडायचं नाही, आणि लाँग मेंबरला वेल्डिंग तर अजिबात नाही. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि तडा नेमका तिथून निघतो. इथे फॅब्रिकेटरशी भांडण होणार हे गृहीत धरा.

रबरी माउंटिंग टाकून भागेल का, असं पुढे विचाराल. रबर काही मिलिमीटर दबतं, ३५ उचलू देत नाही. पुढे एक आणि मागे दोन अशी तीन बिंदूंची पद्धत युनिमॉग ट्रकसारख्या फार पीळ खाणाऱ्या चासीवर चांगली, पण तिथे पुढचं सगळं वजन एका बिंदूवर येतं आणि त्याखाली चासीला वेगळा क्रॉस मेंबर द्यावा लागतो. सरळ लाँग मेंबरच्या हलक्या ट्रकवर वजन पट्टीभर पसरणारी स्प्रिंगची पद्धत बरी. एक लक्षात ठेवा: डबा मागच्या चाकांबरोबर डोलेल आणि कॅब पुढच्या, त्यामुळे दोन्हींमध्ये किमान ८० मि.मी. मोकळी जागा हवी. कॅबमधून मागे जायचा रस्ता हवाच असेल तर तिथे लवचीक बेलो (घड्यांचा रबरी जोड) लागेल.

डब्यासाठी शीतगृहाच्या गाड्यांचे सँडविच पॅनेल घ्या: आतबाहेर १.५ मि.मी. फायबर, मध्ये ५० मि.मी. पफ (पॉलियुरेथेन फोम). चौरस मीटरला आठेक किलो पडतात. लोखंडी सांगाडा करून त्यात थर्माकोल भरण्याचा मोह टाळा. प्रत्येक पाइप थंडी आत आणतो आणि सकाळी त्याच रेषेत भिंत ओली असते. दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्धा लिटरच्या वर पाणी सोडतात. ३.८ बाय २.१ बाय २ मीटरच्या डब्याचा पृष्ठभाग ४० चौरस मीटर होतो. बाहेर उणे १५ आणि आत २० अंश धरले तर भिंतींतून ६३० वॉटच्या आसपास उष्णता जाते. खिडक्या आणि वायुवीजन धरून एक किलोवॉट. म्हणून २ किलोवॉटचा डिझेल हीटर पुरतो, ५ चा घेतलात तर तो कायम मंद चालून काजळी धरेल.

फायबरच्या कातडीत स्क्रू टिकत नाही. कपाटं, चांदणी, पायरी कुठे येणार ते आधी ठरवून पॅनेल बनवतानाच त्या जागी प्लायचे तुकडे आत घालायला सांगा. पॅनेल एकमेकांना सिकाफ्लेक्स २५२ सारख्या पॉलियुरेथेनने चिकटवा. लोक इथे क्लॅम्प इतका आवळतात की सगळा गोंद बाहेर येतो. ३ मि.मी.चे रबरी तुकडे मध्ये ठेवा, म्हणजे थर तेवढा राहील आणि हालचाल सोसेल. आधी घासणं, क्लीनर, प्रायमर, यातलं काही गाळू नका. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने दिवसाला ३-४ मि.मी. आतपर्यंत पक्का होतो. रुंद जोडाला आठवडाभर हलवू नका.

खिडक्या घरासारख्या सीलबंद दुहेरी काचेच्या घेऊ नका. पुण्यात भरलेली हवा ५,००० मीटरवर बाहेर निम्म्याच्या थोडा वर दाब असताना फुगते, काच बाहेर येते आणि सील सुटतो. कॅम्परच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्यांना बारीक व्हेंट असतो, त्या घ्या.

हीटरची दुसरी अडचण उंचीची. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. पंप तेवढंच डिझेल सोडत राहिला तर धूर, काजळी आणि शेवटी हीटर बंद. उंचीनुसार डिझेल कमी करणारा कंट्रोलर किंवा पंप घ्या, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरावर चालवा. एक्झॉस्ट खिडकीखाली सोडू नका, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. थंडीत जाणार असाल तर खालच्या मैदानी भागातल्या डिझेलवर अवलंबून राहू नका. इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलंय, वर पोहोचल्यावर ते भरा.

वीज: १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर लिथियम फॉस्फेट बॅटरी, छतावर ४०० वॉट सोलर. शून्याखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून ती इन्सुलेशनच्या आत ठेवा. अल्टरनेटरला थेट जोडू नका, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर जळतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, ६ मीटर अंतराला १६ चौरस मि.मी. केबल, दोन्ही टोकांना फ्यूज. पाण्याचे सगळे पाइप डब्याच्या आतून न्या आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा कॉक लावा.

मागच्या जोडचाकांत दगड अडकतात आणि वाळूत पुढच्या चाकाची चाकोरी त्यांना उपयोगी पडत नाही. एकेरी टायर करणार असाल तर मागच्या अ‍ॅक्सलच्या वजनाला दोनाने भागून टायरचा लोड इंडेक्स (एका टायरची वजनक्षमता सांगणारा आकडा) तपासा: १२० म्हणजे १,४०० किलो, १२८ म्हणजे १,८०० किलो. आणि टायरचा बदलही आरटीओला विचारूनच. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (हवा आतबाहेर जाण्याचे) पाइप कॅबच्या उंचीपर्यंत न्या, नाहीतर गरम डिफरन्शियल नाल्यात शिरताच पाणी आत ओढतं.

सगळं झाल्यावर भरल्या गाडीने पुन्हा वजनकाटा, प्रत्येक अ‍ॅक्सल वेगळा. मग तोच ठोकळ्यांचा प्रयोग डब्यासकट करा: दार उघडझाप होतंय का, स्प्रिंग टेकतेय का, कॅब कुठे घासतेय का बघा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर मागच्या प्लेटांचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, ८.८ ग्रेडच्या एम १६ ला साधारण २०० न्यूटन-मीटर. बोल्टभोवती लाल पूड दिसली तर जोड हलतोय. तो नुसता आवळू नका. उघडून भोक लांबट झालंय का बघा, झालं असेल तर मोठं करून मोठा बोल्ट टाका.