शब्द पाठ होतात, पण राहत नाहीत

"मराठी माध्यमातून शिकले. इंग्रजीतले अवघड शब्द कितीही घोकले तरी विसरते. माझं डोकंच कमी आहे का?" नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो.

निफाड तालुक्यातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांसोबत आली होती. जीआरईची, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तयारी चालू होती. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी रात्र-रात्र वही घेऊन बसते. सकाळी काही विचारलं की रडते."

मी वही मागितली. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. सुरुवातीची पानं हाताळून मऊ पडलेली, पुढची कोरी करकरीत. रोज ती 'ए'पासून सुरू करायची आणि 'डी'पाशी थकायची. अर्थाच्या रकान्यावर मी कागद ठेवला, तेव्हा रोजच्या पानावरचेही बरेच शब्द अडले. ती ओशाळली. पण डोळ्यांखालून शंभरदा गेलेला शब्द नुसता ओळखीचा वाटतो. तो आठवून काढायचा सराव तिने केलाच नव्हता.

मी तिला हर्मन एबिंगहाउसबद्दल सांगितलं. या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच निसटतं, असं त्यालाही आढळलं. हे ऐकून ती जरा सैलावली.

मग वही बाजूला ठेवून आम्ही कार्डं केली. पुढे शब्द, मागे स्वतः रचलेलं वाक्य. आठवला तर कार्ड काही दिवसांनी बघायचं, चुकला तर उद्याच. 'मिटिगेट' (तीव्रता कमी करणं) या शब्दासाठी तिने लिहिलं, की द्राक्षबागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातल्याने अवकाळी पावसाचं नुकसान 'मिटिगेट' झालं. हे वाक्य वडिलांनाही समजलं. घरच्या शेतातून आलेलं असं एक वाक्य मला पाठ केलेल्या दहा अर्थांपेक्षा मोलाचं वाटतं. शिवाय 2011 पासून जीआरईत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारत नाहीत. शब्द वाक्यात बसवावा लागतो.

जास्त वेळ मात्र वेगळ्याच गोष्टीला लागला. क्लासमध्ये बाकीची मुलं फाडफाड बोलायची, म्हणून शब्द उच्चारायला ही घाबरायची आणि शंकाही विचारायची नाही. जीआरईत बोलण्याची परीक्षाच नसते. टोफेल, आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षांमध्ये ती असते, पण त्याची तयारी स्वतंत्रपणे करता येते. जीआरईची आणि बोलण्याची, अशा दोन्ही भीती एकत्र गुंतल्या होत्या. त्या सुट्या केल्यावर तिने क्लासमध्ये पहिली शंका विचारली.

वडिलांना मी एवढंच म्हटलं, "दादा, शब्द विचारू नका. अकराला दिवा बंद होतोय ना, तेवढं बघा." झोपेत आठवण पक्की होते, म्हणून जागून केलेलं पाठांतर अंगाशी येतं.

आता ती रोज मोजकेच नवे शब्द घेते. लांब उतारे अजून जड जातात. त्यासाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचायला तिने सुरुवात केली आहे.