गुडघ्याच्या दुखापतीनंतर विरळ होणारे हाड

प्रश्न : मी 24 वर्षांची व्हॉलीबॉल खेळाडू आहे. उडी मारून उतरताना गुडघा पिळवटला, एसीएल हा गुडघ्यातील लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) तुटला आणि चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. आता एक्स-रेच्या अहवालात गुडघ्यालगतचे हाड विरळ झाल्याचे लिहिले आहे. हा ऑस्टिओपोरोसिस आहे का? कॅल्शियमच्या गोळ्यांनी तो भरून निघेल का?

उत्तर : उतारवयात सर्व सांगाड्याला ग्रासणारा ऑस्टिओपोरोसिस वेगळा, आपल्याकडे दिसते आहे ती बहुधा त्या पायापुरती झालेली झीज आहे. हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुसार घडते, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडले होते. दुखापतीनंतर कुबड्या येतात, मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, सांध्यातील दाहही हाडाची झीज वाढवतो. परिणामी मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि गुडघ्याची वाटी यांची घनता पहिल्या काही महिन्यांतच घटते. झिजलेला भाग काही आठवड्यांत पोखरला जातो, मात्र तेथे नवे हाड भरायला काही महिने लागतात. म्हणूनच मैदानावर परतलेल्या अनेक खेळाडूंच्या त्या पायातील घनता दुसऱ्या पायाइतकी झालेली नसते.

गोळ्यांबद्दल स्पष्टच सांगतो : आहारातून दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत असेल, तर जादा गोळ्यांनी फारसे काही साधत नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र करून घ्यावी. खरा उपाय म्हणजे भार, आणि तो नेमका दुखावलेल्या पायावर पडला पाहिजे. दोन वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एकेक पाय ठेवावा आणि सावकाश अर्धे खाली बसावे. वरून दोन्ही गुडघे सारखेच वाकलेले दिसत असले, तरी धडधाकट पायाखालचा काटा बराच पुढे गेलेला आढळणे नवलाचे नाही. हा फरक फिजिओथेरपिस्टला दाखवावा. उड्यांचा सराव मात्र त्यांनी परवानगी दिल्याखेरीज सुरू करू नये, कारण शस्त्रक्रियेत बसवलेल्या नव्या लिगामेंटला पक्का व्हायला वेळ लागतो आणि नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणे धोक्याचे ठरते.

खेळ बंद आहे म्हणून वजन वाढू नये या धास्तीने जेवण कमी केले असेल, तर हाडांसाठी ते आधी पूर्ववत करावे. याच कारणाने, सलग तीन महिने पाळी आली नसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. घनतेची नेहमीची डेक्सा तपासणी खुबा आणि कणा यांचीच असते, त्यामुळे तिचा अहवाल चांगला आला तरी गुडघ्यालगतच्या हाडाविषयी त्यातून काही कळत नाही.