व्यावसायिक बेसबॉल संघाच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण कोणते?

संघ कुठला ते तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून माझ्या संघाबद्दल, पिट्सबर्ग पायरेट्सबद्दल लिहितो. (हो, हरायची सवय आहे मला.)

पहिला मान १३ ऑक्टोबर १९६० चा. वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, आधी चार सामने जिंकेल तो विजेता), समोर न्यूयॉर्क यँकीज, दोघांचे तीन-तीन विजय. यँकीजनी त्यांचे तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे धुऊन काढलेले, तर पायरेट्सनी कसेबसे जिंकलेले. अख्ख्या मालिकेच्या धावा मोजल्या तर यँकीज ५५, पायरेट्स २७! नेट रनरेटवाल्यांनी कपाळाला हात लावावा.

सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला यँकीज ७-४ ने पुढे होते. बिल व्हर्डनने जमिनीलगत सरळसोट चेंडू मारला. तो आणि आधीच बेसवर असलेला त्याचा साथीदार, एका झटक्यात दोघे बाद होणार असं दिसत असतानाच चेंडू टप्पा खाऊन विचित्र उसळला आणि यँकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) टोनी क्यूबेकच्या थेट गळ्यावर बसला. क्यूबेक आडवा, दोघेही सुखरूप बेसवर. त्या इनिंगमध्ये पायरेट्सनी पाच धावा काढल्या. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला यँकीजनी ९-९ अशी बरोबरी केली. मग आला पायरेट्सचा बिल मॅझरॉस्की, बॅटिंगपेक्षा फिल्डिंगसाठी नावाजलेला माणूस. दुसऱ्याच चेंडूवर त्याने होम रन ठोकला (चेंडू थेट भिंतीपलीकडे, आपल्या षटकारासारखा) आणि खेळ खल्लास, पायरेट्स विजेते. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना असा होम रनवर संपल्याचं दुसरं उदाहरण अजून नाही. ते मैदान पाडलं, पण भिंतीचा काही भाग उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात आणि त्या सामन्याची जुनी रेडिओ कॉमेंट्री ऐकतात.

माझं मन मात्र २६ मे १९५९ च्या पराभवावर जडलंय. पायरेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्स सर्दी-खोकल्याने बेजार होता, तरी मिलवॉकी ब्रेव्ह्जचे सलग ३६ बॅटर त्याने बाद केले. नऊ इनिंगमध्ये असे सलग २७ केले, एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही, की 'परफेक्ट गेम' होतो. याने बारा इनिंग टाकल्या, पण त्याच्या संघाला एक धाव जमेना! तेराव्या इनिंगला त्याच्याच फिल्डरची थ्रो चुकली, थोड्या वेळाने ब्रेव्ह्जच्या जो ॲडकॉकने फटका मारला आणि सामना १-० ने गेला. पुढे १९९१ मध्ये व्याख्या बदलून ही कामगिरी परफेक्ट गेमच्या अधिकृत यादीतूनही काढली. हा मला शुद्ध कोडगेपणा वाटतो.

१ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सनी मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) प्रथमच असा संघ उतरवला, ज्यातले सगळे खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन होते. त्यातला रॉबर्टो क्लेमेंटे ३० सप्टेंबर १९७२ ला ३०००व्या हिटवर (चेंडू मारून बेस गाठणाऱ्या फटक्यावर) पोहोचला. तीन महिन्यांनी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. आकडा ३००० वरच राहिला.

आपल्याकडचा धागाही आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग (आयपीएलवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये याच संघाने करारबद्ध केलं. मुख्य संघापर्यंत दोघेही पोहोचले नाहीत.