‘आमच्या घराण्यात असं कोणीच नाही जी!’

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाला घेऊन घरची माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा बाळाबद्दल नसतोच. ‘हे कोणाकडून आलं?’ असा असतो. इतवारीतलं व्यापारी घर असो की हिंगण्याकडची कामगार वस्ती, प्रश्न तोच. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

26 वर्षांची सून, तीन महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. गुणसूत्रांचा रिपोर्ट बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आणलेला. सून खाली मान घालून बसलेली, बोलत होत्या त्या सासूबाईच.

‘ग्रहणात बाहेर निघाली होती जी ही. मी तवाच म्हणलं होतं.’

‘कितवा महिना होता?’

‘तिसरा.’

मी रिपोर्टातलं चित्र उघडलं. ओळीने मांडलेल्या जोड्या, आणि 21व्या जागी दोनाऐवजी तीन. ‘हे तिसरं गुणसूत्र गर्भ राहिला तेव्हाच आत होतं. ग्रहण त्यानंतर लागलं.’ सासूबाईंनी त्या तिघांवर बोट ठेवलं, पण चेहरा हलला नाही. ‘कोणाचाच दोष नाही’ हे डॉक्टरांनीही सांगितलं होतंच. ते त्यांना समजूत घातल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या भेटीत मी कानाकोची गोष्ट काढली. जपानच्या कुमामोतो अभयारण्यातली ही चिंपांझी मादी 1992 साली जन्मली. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या कपींमध्ये 48 गुणसूत्रं असतात, आपल्यात 46. आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं जुळून एक झालं, म्हणून हा फरक. आपलं 21वं ते त्यांचं 22वं. कानाकोकडे ती तीन होती. वर्षाची व्हायच्या आत डोळ्यांत मोतीबिंदू, पुढे दृष्टी गेली, हृदयातही छिद्र. 2017 साली शास्त्रज्ञांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. अशा चिंपांझीची पहिली नोंद 1969 सालची आहे.

सासूबाई उसळल्या. ‘आमच्या नातीले माकडाच्या रांगेत बसवता का, मॅडम?’

‘नातीची नाही, आईची बरोबरी करते. त्या चिंपांझीच्या आईला ग्रहण पाळायचं माहीत नव्हतं. तिनं पपई खाल्ली की नाही, कोणी विचारलं नाही.’

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ‘म्हंजे त्या मायनं काईच केलं नोतं?’

सून रडायला लागली. सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि हळूच सांगितलं, ‘धाकटीचं लग्न व्हायचं हाये आमच्या.’

मला गाठ सापडली ती इथे. सुनेवर दोष टाकला की घराणं निर्दोष ठरत होतं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ छळतो, हे मी रोज पाहते. सुनेची सुटका करायची तर आधी सासूबाईंची भीती घालवायला हवी होती. तो धागा मला वेळेवर दिसला याचं आजही समाधान वाटतं. बाळाच्या रिपोर्टात तिसरं 21वं सुटं होतं, दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं नव्हतं. म्हणजे ते घराण्यातून आलेलं नव्हतं आणि धाकटीच्या लग्नाशी त्याचा काही संबंध नव्हता, हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

तुमच्याही घरी हा प्रश्न असेल तर रिपोर्ट नीट वाचून घ्या. सुमारे 95 टक्के बाळांत जादा गुणसूत्र असं सुटंच असतं. ते बहुधा बीजांड तयार होताना, कधी शुक्राणू तयार होताना, जोडी वेगळी न झाल्यामुळे येतं. कोणाच्या वागण्यामुळे नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण बाळंतपणंच तरुण वयात जास्त होतात, म्हणून अशा बाळांच्या कितीतरी आया तरुणच असतात. थोड्या बाळांत मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तेव्हा आईवडील दोघांचीही तपासणी करावी, कारण तसं गुणसूत्र दोघांपैकी कोणाकडूनही येऊ शकतं आणि पुढच्या बाळंतपणाचा सल्ला त्यावर ठरतो.

आणि बाळाकडे वळा. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लवकर करून घ्या. डोळे, कान, थायरॉइड तपासा. हालचालींचे आणि बोलण्याचे व्यायाम पहिल्या काही महिन्यांतच सुरू करा, आणि ते शिकायला सासूबाईंनाही सोबत न्या.